राजीनाम्यातलं ‘घरगुती कारण’

नागपूरच्या सीताबर्डीतल्या एका बोळात माझं टायपिंगचं दुकान आहे. टाईपरायटर जाऊन कॉम्प्युटर आला, तरी पाटीवर ‘टायपिंग’ तसंच आहे. लाल, भगवा, तिरंगा, निळा, सगळ्या झेंड्यांच्या युनियनांची मागणीपत्रं माझ्या टेबलावरून गेली आहेत, त्यामुळे त्यांचा साचा मला पाठ आहे. आधी मूळ पगारात वाढ, मग महागाई भत्ता, घरभाडं, धुलाई भत्ता, वर्षाला बुटांचे दोन जोड, महिन्याला साबणाच्या वड्या, धुळीच्या खात्यात काम करणाऱ्याला रोजचा गूळ. कॅन्टीनच्या चहात दूध किती असावं यावरही मी एकदा दीड ओळ टाईप केली आहे. मागणीपत्रात काय बसत नाही, असं कोणी विचारलं तर पूर्वी मी म्हटलं असतं, सगळं बसतं.

पण याच टेबलावर राजीनामेही टाईप होतात. बुटीबोरीच्या एका कारखान्यातला पोरगा आला होता, पंचवीस-सव्वीसचा असेल. ठेकेदाराकडे काम. सलग रातपाळी. उभ्याउभ्याच म्हणाला, “ताई, झोपच नाही लागून राहिली. दिवसा पडतो तर कुकर, लेकरं, शेजारचं बांधकाम. आन् रात्री मशीनसमोर उभा राहिलो का छातीत धडधड सुरू.” दोनदा हात मशीनमध्ये जाता जाता वाचला होता. मी विचारलं, कारण काय लिहू? तो म्हणाला, “लिहा ना, घरगुती कारण.”

मी लिहिलं. अशी ‘घरगुती कारणं’ मी किती टाईप केली असतील याची मोजदाद नाही. पाळीमुळे झोप उडालेला, सुपरवायझरच्या शिव्यांनी खचलेला, शेजारच्या मशीनवरच्या माणसाची बोटं तुटताना पाहून त्या खात्यात जायलाच घाबरणारा, सगळे त्या दोन शब्दांत मावतात. कामावर झालेलं दुखणं कागदावर येताना घरचं होतं. मालकाला ते बरं पडतं, ठेकेदाराला पडतं आणि खरं सांगायचं तर युनियनलाही पडतं. घरगुती कारणावर गेट मीटिंग घ्यावी लागत नाही.

देशपातळीवरचे आकडेही असेच लिहिले जातात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केल्या, त्यात सर्वाधिक, २२,७४६, महाराष्ट्रात. एकूण आत्महत्यांपैकी २६.४ टक्के रोजंदारीवर काम करणारे होते. म्हणजे चारातला एक. आता कारणांचा रकाना पाहा. सगळ्यात वर ‘कौटुंबिक समस्या’, ३१.७ टक्के. मग आजारपण, १८.४ टक्के. बेरोजगारी आणि कामधंद्यातल्या अडचणी फार खाली. माणूस जीव देतो त्याला कधीच एक कारण नसतं, हे मला कळतं. आणि घरातली भांडणं खोटी असतात असंही मी म्हणत नाही. पण ज्या घरात तीन महिने पगार नाही त्या घरातलं भांडण कौटुंबिक म्हणायचं की औद्योगिक? पंचनामा लिहिणारा हवालदार आणि राजीनामा टाईप करणारी मी, दोघंही एकाच रकान्यात माणसं टाकत आलो.

माझं म्हणणं एवढंच आहे: कामगाराचं मन हा मागणीपत्रातला मुद्दा आहे. तो डॉक्टरचा आहेच, घरच्यांचाही आहे, पण पाळी, ठेका, टार्गेट आणि पगाराची तारीख जिथे ठरते त्या टेबलावरचाही आहे. आणि संकटाच्या काळात तर तो आधी तिथलाच आहे. युनियननं तो सोडून दिला, म्हणून तो व्यवस्थापनानं उचलला.

उचलून काय केलं, ते हिंगणा एमआयडीसीत फिरलं की दिसतं. योगदिनाला सतरंज्या. एचआरकडून मोबाईलवर सुविचार. टॉयलेटच्या भिंतीवर हेल्पलाइनचं स्टिकर, आणि त्याच्या बरोबर समोर, बाहेरच्या खांबावर, किती मिनिटं आत होता हे मोजणारा कॅमेरा. बारा तास उभ्या असलेल्या माणसाला दीर्घ श्वास घ्यायला सांगतात. श्वास घेणं वाईट नाही. सरकारची टेलिमानस ही फोनवरची समुपदेशन सेवाही, १४४१६, चांगलीच सोय आहे, मी स्वतः दोघांना तो नंबर लिहून दिला आहे. पण या सगळ्याचा रोख एकच असतो: बिघाड तुझ्यात आहे, तू दुरुस्त हो, पाळी तशीच राहील.

युनियनवाले यावर हसतात. एका पदाधिकाऱ्यानं मला ऐकवलं होतं, “आपल्या पोरायले डिप्रेशन-बिप्रेशन नसते ताई, ते बंगल्यावाल्यायले होते. आपल्याकडे टेन्शन असते.” शब्दाच्या बाबतीत तो बरोबर होता. आपल्याकडे कोणी नैराश्य म्हणत नाही. टेन्शन म्हणतात, बीपी म्हणतात, डोकं गरम होते म्हणतात, जीव लागत नाही म्हणतात. आणि त्यात नागपूरची एक जुनी खोड आहे. कोराडी रोडवरचं प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ पासूनचं, म्हणजे शहरातल्या पहिल्या गिरणीहूनही जुनं. पण अजून ऑटोवाल्याला तिथे जायचं सांगताना आपण काय म्हणतो? पागलखाना चौक. ज्या गावात पत्ताच असा सांगतात, तिथे कोण युनियनच्या बैठकीत उठून म्हणेल, की मला झोप येत नाही आणि विनाकारण रडू येतं?

तरी हा मुद्दा युनियनला परका आहे असं म्हणणाऱ्यांनी आपलीच वही उघडून पाहावी. नारायण मेघाजी लोखंडे मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी वर्षानुवर्षं भांडले आणि १० जून १८९० ला रविवारची सुट्टी मिळाली. पगारवाढ नव्हे, सुट्टी! आठवड्यातला एक दिवस माणूस यंत्राजवळ नसावा, ही मागणी शरीराची होती तितकीच मनाचीही. पुढे १८९६-९७ च्या प्लेगात मुंबईतून माणसं पळत होती, तेव्हा लोखंडे रोग्यांची सेवा करत तिथेच राहिले आणि फेब्रुवारी १८९७ मध्ये त्याच प्लेगात गेले. संकटात कामगार पुढाऱ्यानं कुठे असावं, याचं उत्तर आपल्याकडे सव्वाशे वर्षांपासून आहे.

नागपूरचं सांगायचं तर इथली पहिली मोठी गिरणी, टाटांची एम्प्रेस, १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली. तिथे १८८६ मध्ये पेन्शन होतं आणि १९०१ मध्ये भविष्यनिर्वाह निधी. कायदा यायच्या कितीतरी आधी. हे मालकाच्या चांगुलपणाचं उदाहरण म्हणून नेहमी सांगितलं जातं, आणि ते होतंही. पण चांगुलपणाला मुदत असते. रुईकरांसारखे पुढारी पुढे नागपुरात गिरणी कामगारांची युनियन बांधायला उभे राहिले, ते मालक वाईट होता म्हणूनच नव्हे. जे दिलं ते काढून घेता येतं आणि जे मागून मिळवलं ते सहसा काढून घेता येत नाही, एवढा साधा हिशेब त्यामागे होता. आता त्या गिरणीच्या जागेवर मॉल आहे. मी तिथे फक्त एसीसाठी जाते, मे महिन्यात.

माझे वडील शहरातल्या एका कापडगिरणीत होते, सूतकताई खात्यात. गिरणी बंद झाली तेव्हा ते एकावन्न वर्षांचे होते. पैशाचं कसंबसं निभलं, आई शिवणकाम करायची, मी टायपिंग शिकत होते. माझ्या लक्षात राहिलेली गोष्ट वेगळीच आहे. वडील वाचणारे होते. पाळी सुटली की कामगार कल्याण केंद्राच्या वाचनालयात जाऊन दोन पेपर आणि एक मासिक संपवूनच घरी यायचे, मग आईशी त्यावरून भांडायचे. गिरणी बंद झाल्यावर वाटलं, आता दिवसभर वाचतील. त्यांनी वाचनालय सोडलं. कार्ड कपाटात पडून राहिलं. विचारलं तर म्हणायचे, “जातो ना, घाई काय आहे?” घाई नव्हती हेच तर दुखणं होतं, पण ते आम्हाला कळलं नाही. आम्ही त्यांना आळशी म्हटलं. आई तर तोंडावर म्हणायची.

पुष्कळ वर्षांनी मला मारिएन्थालबद्दल वाचायला मिळालं. व्हिएन्नाजवळचं छोटं गाव, सगळं गाव एका कापडगिरणीवर. १९३० च्या सुमारास गिरणी बंद पडली. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल या अभ्यासकांनी तिथे राहून गावाचं निरीक्षण केलं आणि १९३३ मध्ये ते प्रसिद्ध केलं. कामगार भडकतील, उठाव करतील, असा तेव्हा अनेकांचा अंदाज होता. झालं उलटंच, गाव मंदावलं. बायकांना घरचं काम होतं, त्या सरळ चालत जायच्या. पुरुष रस्त्यात थांबत थांबत, रेंगाळत चालायचे, दिवसभरात काय केलं हे त्यांना सांगता यायचं नाही. आणि गावच्या वाचनालयातून पुस्तकं नेण्याचं प्रमाण पार घसरलं, फी माफ असताना. ते वाचून मी दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं आणि थोडा वेळ बसून राहिले. आमच्या घरात ज्याला आळस म्हटलं गेलं त्याचा अभ्यास होऊन साठ-सत्तर वर्षं झाली होती.

वडिलांच्या युनियनला दोष देताना मला सांभाळून बोललं पाहिजे. त्यांनी देण्यांचे दावे लढवले, तारखांना गेले, हेलपाटे घातले. पण त्यांचं सगळं काम थकबाकीच्या आकड्याभोवती होतं. गेट बंद झालं तशी गेट मीटिंग बंद झाली, आणि गेट मीटिंगबरोबर ती चार माणसं रोज भेटण्याची जागाही. पैसे मिळेपर्यंत दर रविवारी नुसते एकत्र बसा, चहा प्या, एकमेकांच्या घरी जा, असं कोणी ठरवलं असतं तर त्याला खर्च चहाचा आला असता. सभासद म्हणजे वर्गणी कापली जाणारा माणूस, अशी व्याख्या असली की पगार थांबल्या दिवशी माणूस युनियनमधूनही जातो. आणि नेमकी त्याच दिवशी त्याला युनियन लागते.

करोनात हे आणखी मोठ्या पटावर झालं. २५ मार्च २०२० पासून देश बंद, आणि थोड्याच दिवसांत नागपूरच्या बाहेरून जाणाऱ्या हायवेवर माणसांच्या रांगा. देशाच्या मध्यावर असल्यानं हैदराबादकडून उत्तरेकडे चालत निघालेला प्रत्येक जण जणू आपल्या दारावरूनच गेला. ८ मे ला औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. इथल्या युनियनांनी त्या काळात जे केलं ते मी पाहिलं आहे: धान्याच्या किट, जेवण, चपला, पासाचे अर्ज. काही अर्ज मी घरून टाईप केले, फुकट. हे काम मोठं होतं. पण किट संपल्या आणि भीती उरली. हप्ते थकले, ठेकेदारानं फोन उचलणं बंद केलं, कारखाने सुरू झाले तेव्हा दहा माणसांच्या जागी सात घेतली आणि काम दहांचंच ठेवलं. त्या दिवसांत शहरातल्या कुठल्याही युनियनच्या परिपत्रकात ‘कसे आहात?’ एवढं एक वाक्य माझ्याकडे टाईप करायला आलं नाही. सप्टेंबर २०२० मध्ये संसदेनं चारपैकी उरलेल्या तीन कामगार संहिता मंजूर केल्या, त्यांच्या निषेधाची पत्रकं मात्र खूप आली. निषेध योग्यच होता.

मग एसटीचा संप. यावर मला थोडं थांबायचं आहे, कारण यातून युनियनलाच अवघड प्रश्न पडायला हवेत. करोनात एसटीचे पगार अनियमित झाले. चालक-वाहकांच्या आत्महत्यांच्या बातम्या येऊ लागल्या. २०२१ च्या दिवाळीच्या तोंडावर संप पेटला, मागणी एसटी महामंडळाच्या राज्य सरकारात विलीनीकरणाची. गणेशपेठ आगारात गाड्या ओळीनं उभ्या होत्या, खेड्यावरची पोरं कॉलेजला कशी येणार हा प्रश्न वेगळाच. मान्यताप्राप्त संघटनांचं कोणी ऐकेना. वर्षानुवर्षं करार करणाऱ्या पुढाऱ्यांना सोडून कामगार एका वकिलामागे गेले. का गेले? मला वाटतं, साथीदार मरत असताना करारातल्या टक्क्यांची भाषा बोलणारा पुढारी त्यांना परका वाटला, आणि त्यांच्या रडण्याला, संतापाला जो पहिल्यांदा आवाज देईल तो आपला वाटला. मनाचा प्रश्न युनियननं हाती घेतला नाही तर तो कोणीतरी घेतोच, आणि तो घेणारा जबाबदार असेलच असं नाही.

संप पाच महिन्यांच्या वर चालला. हजारो निलंबनं, बडतर्फ्या. शेवटी उच्च न्यायालयानं २२ एप्रिल २०२२ पर्यंत कामावर या असं सांगितलं आणि माणसं परतली. विलीनीकरण झालं नाही. या काळात माझ्याकडे एक वाहक यायचे, बडतर्फीविरुद्धचा अर्ज घेऊन. चौथ्या महिन्यात त्यांचे हात थरथरायचे. दारू नव्हती, मी विचारलं होतं. म्हणाले, “घरी बायको बोलत नाही, आगारात गेलो तर अर्धे गद्दार म्हणतात.” संप हे कामगाराचं हत्यार आहे, मला ते कोणी शिकवू नये. मुंबईच्या १८ जानेवारी १९८२ च्या गिरणी संपात अडीच लाख माणसं उतरली, त्यांतली कितीतरी परत यंत्रावर उभी राहिलीच नाहीत. लांबलेला संप माणसाला आतून कसा खातो हे आपल्या राज्याला ठाऊक असायला हवं. म्हणून संप पुकारणाऱ्यानं पुकारायच्या आधीच ठरवलं पाहिजे: संप-निधी किती, कोणाच्या घरी कोण जाणार, दुसऱ्या महिन्यात किराणा कसा, आणि कामावर परतलेल्याला शिव्या घालायच्या की नाही. शेवटचं सगळ्यात अवघड. माझं मत, घालायच्या नाहीत.

आता बारुदीकडे येते. नागपूरच्या आसपास स्फोटकांचे कारखाने आहेत, अमरावती रोडवर तर विशेष. १७ डिसेंबर २०२३ ला बाजारगावच्या कारखान्यातल्या स्फोटात ९ जण गेले, त्यांतल्या ६ बाया होत्या. २४ जानेवारी २०२५ ला भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगर आयुध निर्माणीत स्फोट झाला, ८ जण गेले. अशा वेळी गेटवर काय मागितलं जातं? मृतदेह लवकर द्या, भरपाई वाढवा, घरातल्या एकाला नोकरी द्या. तिन्ही मागण्या शंभर टक्के बरोबर. पण मला शेजारच्या शेडमधली बाई दिसते. तिनं आवाज ऐकला, धूर पाहिला, जिच्यासोबत डबा खायची तिच्या चपला ओळखल्या. कारखाना पुन्हा सुरू झाल्यावर तिला तेच मिश्रण, त्याच हातांनी, तितक्याच शांतपणे हाताळायचं आहे. हात थरथरला तर ती स्वतःही उरणार नाही. ती भरपाईच्या कुठल्याच यादीत नाही, कारण ती जिवंत आहे आणि तिला खरचटलेलंही नाही.

कारखाने कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत २९ रोगांची यादी होती, जे झाले की सरकारला कळवणं बंधनकारक. शिशाची विषबाधा आहे, सिलिकोसिस आहे. मनाचा एकही नाही. फुप्फुसात गेलेली धूळ कायद्याला दिसते, डोळ्यांत राहिलेला स्फोट दिसत नाही. युनियननं अपघातानंतरच्या मागण्यांत एक ओळ वाढवावी: त्या खात्यातल्या आणि शेजारच्या खात्यातल्या सगळ्यांना भरपगारी सुट्टी, डॉक्टरला भेटण्याची सोय, आणि परत त्याच कामावर जायला नकार देण्याचा हक्क, नोकरी न जाता. ही ओळ टाईप करायला मला अर्धं मिनिट लागेल.

कायद्यात काहीच नाही असंही समजू नका. ईएसआय या कामगार विमा योजनेत, महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांना, साध्या आजारपणात वर्षाला ९१ दिवस ७० टक्के पगार मिळतो हे पुष्कळांना माहीत असतं. पण ३४ दीर्घ आजारांच्या यादीला ८० टक्के पगार आहे, दोन वर्षांपर्यंत वाढू शकणारा. त्या यादीत टीबी आणि कॅन्सरच्या पंक्तीला गंभीर मानसिक आजारही आहेत, स्किझोफ्रेनिया आहे, तीव्र नैराश्याचा एक प्रकार आहे. सोमवारीपेठेतल्या ईएसआय दवाखान्यात रांगेत उभ्या असलेल्या किती जणांना हे कोणी सांगितलं असेल? मी एका सेक्रेटरीला दाखवलं तर त्यांनी चष्मा काढून दोनदा वाचलं.

मात्र खरी मेख पुढे आहे. या लाभासाठी दोन वर्षं सलग नोकरी लागते. आणि ठेकेदार अकरा महिन्यांनी ब्रेक देतो. म्हणजे ज्याचं मन रोजच्या अनिश्चिततेनं मोडतं, तोच त्या अनिश्चिततेमुळे लाभातून बाहेर पडतो. इथे समुपदेशक काही करू शकत नाही, त्याचा इलाजच नाही यावर. ब्रेक बंद करा, हे फक्त युनियन म्हणू शकते. मन आणि मागणीपत्र यांचा संबंध काय, असं विचारणाऱ्याला माझं उत्तर हा एक ब्रेक आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा तर आरोग्यविम्यात मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखंच धरा असं सांगतो. कंपनीनं काढलेल्या गटविम्याची पॉलिसी युनियननं मागून वाचली पाहिजे, एवढीच त्याची किल्ली.

हे युनियनच्या आवाक्यातलं काम आहे का, अशी शंका रास्त आहे. फ्रान्समध्ये झालं आहे. फ्रान्स टेलिकॉम या कंपनीनं २००६ नंतर बावीस हजार माणसं कमी करायचं ठरवलं. बहुतेकांना सरकारी नोकरीचं संरक्षण, काढता येईना, म्हणून बदल्या, अपमान, निरर्थक कामं देऊन ती आपणहून जातील असं वातावरण केलं गेलं. आत्महत्या होऊ लागल्या. तिथल्या दोन युनियनांनी २००७ मध्ये ताण आणि सक्तीच्या बदल्या नोंदवणारी स्वतःची यंत्रणा उभी केली, डॉक्टर आणि समाजशास्त्रज्ञ सोबत घेतले, माणसांना विचारलं, लिहून ठेवलं. २००९ मध्ये युनियननं फौजदारी तक्रार केली. डिसेंबर २०१९ मध्ये पॅरिसच्या न्यायालयानं कंपनीला आणि तिच्या माजी प्रमुखाला दोषी ठरवलं. बारा वर्षं लागली. पण त्या युनियनांनी काय केलं याचा गाभा अगदी साधा आहे: ‘घरगुती कारण’ लिहू दिलं नाही.

आपल्याकडचे आक्षेप मला ठाऊक आहेत, त्यांतला एक मला स्वतःलाच छळतो. अध्यक्षाला सांगितलं म्हणजे पानठेल्यावर सांगितलं. युनियनमध्ये गट असतात, निवडणुका असतात, आणि ‘त्याचं डोकं फिरलं आहे’ ही प्रचारातली हुकमी सोंगटी आहे. व्यवस्थापनाला कळलं तर पुढच्या कपातीत पहिलं नाव त्याचंच. म्हणून पुढाऱ्यानं समुपदेशक व्हायचंच नाही. प्रत्येक पाळीत एक माणूस असा हवा जो कुठल्या पदावर नाही, कामगारांनीच निवडला आहे, आणि ज्याचं काम ऐकणं, दवाखान्यापर्यंत सोबत जाणं आणि गप्प बसणं एवढंच. मेडिकल आणि मेयो या शहरातल्या सरकारी रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत, ओपीडी आहे. पहिल्या दिवशी एकट्यानं जायला पाय उचलत नाही, शेजारी कोणी असलं तर उचलतो. पुढाऱ्यांनी वैयक्तिक गोष्ट विचारायची नाही, पाळीची विचारायची. एका खात्यातून वर्षात किती जणांनी ‘घरगुती कारणा’वरून काम सोडलं, हा आकडा टेबलावर ठेवायला कोणाचं नाव लागत नाही.

या बाबतीत बायकांच्या युनियना पुढे आहेत, असं माझं निरीक्षण आहे. आशा वर्करांचंच घ्या. विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांमुळे राज्यानं २०१५ मध्ये प्रेरणा प्रकल्प आणला, त्यात घरोघरी जाऊन शेतकऱ्याचं मन कसं आहे हे विचारायचं काम आशांवर आलं. करोनात घरोघरचं सर्वेक्षण त्यांनीच केलं, दारं तोंडावर आपटून घेतली. त्यांना कोण विचारणार? त्याच एकमेकींना विचारत आल्या. संविधान चौकातल्या त्यांच्या धरण्यात मी गेले आहे. भाषण सुरू असतं आणि मागे सतरंजीवर एक बाई रडत असते, दुसरी तिची वेणी घालत असते. पुरुषांच्या धरण्यात कोणी कोणाची वेणी घालत नाही हे ठीक, पण खांद्यावर हात तरी?

राहिला ज्यांना युनियनच नाही त्यांचा प्रश्न, आणि तेच जास्त आहेत. ठिय्यावर सकाळी सातला उभा राहणारा मजूर, पार्सल पोचवणारा पोरगा. नीती आयोगानं २०२२ मध्ये अशा गिग कामगारांची संख्या २०२०-२१ साठी ७७ लाख धरली आणि २०२९-३० पर्यंत २ कोटी ३५ लाख होईल असं म्हटलं. त्याचा मालक मोबाईलमध्ये आहे, शिव्या देणारा सुपरवायझरही नाही, नुसतं रेटिंग पडतं. नागपूरच्या मे महिन्यात, दुपारी दोनला, रेटिंग! त्यांच्यापर्यंत जुन्या युनियना कशा पोचणार हे मला नीट सुचत नाही. पण पोचायचं असेल तर महागाई भत्त्याची भाषा घेऊन जाता येणार नाही, त्यांना भत्ताच नाही.

काळही घट्ट होतो आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं कारखान्यांतले दिवसाचे तास ९ वरून १२ पर्यंत वाढवायला मंजुरी दिली, आठवड्याचे ४८ कायम ठेवून. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या. संपाला आता सगळीकडेच १४ दिवसांची नोटीस, आणि निम्म्या कामगारांनी एकाच दिवशी रजा टाकली तरी तो संप. बाहेर पडायची दारं अरुंद झाली की आतलं दडपण वाढणारच, हे कळायला मानसशास्त्र लागत नाही.

परवा हिंगण्याची एक युनियन मागणीपत्र घेऊन आली. तोच साचा, पगार, भत्ते, बूट. हस्तलिखिताच्या शेवटच्या पानावर वेगळ्या, बारीक अक्षरात एक मुद्दा होता: रातपाळी सलग सहा दिवसांपेक्षा जास्त नसावी, पाळी बदलताना मध्ये चोवीस तासांचं अंतर असावं, आणि झोप न येण्याच्या तक्रारीवर डॉक्टरकडे जायला पगारी अर्धा दिवस मिळावा. समोर पेन्सिलनं प्रश्नचिन्ह. सेक्रेटरी म्हणाले, “पोरांनी घुसवलं आहे. कुठल्या हेडिंगखाली घ्यायचं ते समजत नाही, राहू द्यायचं का?”

मी ते धुलाई भत्त्याच्या खाली, साबणाच्या वर घेतलं. मुद्दा क्रमांक १७.